लोणावळ्याची वजनाची खोली

मंगळवार, २८ ऑगस्ट १९४५, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. तारा, वय तीन महिने. वजन नऊ पौंड सहा औंस; मागच्या मंगळवारपेक्षा पाच औंस कमी.

हे वजन मी दोनदा केले. रिकाम्या पारड्याने काटा शून्यावर आहे याची खात्री करून घेतली, मूल पुन्हा पारड्यात ठेवले, आणि आकडा तोच आला. या वयाच्या मुलाचे वजन आठवड्याला सहा-सात औंसांनी वाढावे अशी अपेक्षा असते. वाढ थांबली तर आम्ही सावध होतो. वजन लागोपाठ दोन आठवडे उतरू लागले, तर काळजी करण्यात वेळ न दवडता कारण शोधावे लागते. त्यातून मला लोणावळ्याची जागा पंधरवड्यात सोडायची होती. माझ्या पेटीत पुढल्या शिक्षणाच्या शिष्यवृत्तीचा कागद होता, आणि समोर दिवसेंदिवस हलके होत चाललेले मूल.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी नोकरीतील आठवणी मागितल्या तेव्हा मला हसू आले. आठवणी लिहिणाऱ्याचे केस निदान पिकलेले असावेत. माझे वय सत्तावीस, आणि लोणावळ्याची नोकरी जेमतेम दोन वर्षांची. पण त्या दोन वर्षांत माणसांविषयी जे कळले ते महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चार वर्षे काढूनही कळले नव्हते, म्हणून लिहिते आहे.

रसायनशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात मिळवून मी संशोधनाच्या जागा शोधत हिंडले. प्रत्येक ठिकाणी मला सौजन्याने खुर्ची मिळाली, चहा मिळाला आणि नकार मिळाला. तेवढ्यात लोणावळ्यातील काही उत्साही स्त्रियांनी चालवलेल्या शिशुकल्याण केंद्राला 'शास्त्र शिकलेली बाई' हवी असल्याचे कळले. केंद्र म्हणजे बाजाराच्या मागची एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, एक तराजू, एक टेबल, आणि मी घरून आणलेली रसायनांची पेटी. आजूबाजूच्या गावांतल्या बायकांना बाजाराच्या निमित्ताने घराबाहेर पडता येते, म्हणून वजनाचा वार आम्ही मंगळवार ठेवला. महिनाभरात केंद्राचे नाव लोक विसरले आणि 'वजनाची खोली' हे नाव रूढ झाले.

कामाची पद्धत सोपी आहे. मूल उघडे करायचे, अंगावरचे दोरे, ताईत, करगोटा, सगळे उतरवायचे, आणि मग वजन घ्यायचे. हा नियम मी कडकपणे पाळत असे, कारण पावसाळ्यात ओलसर झालेल्या दुपट्याचे वजनही मुलाच्या खात्यात जमा होते. वजन केल्याने मुलाला दृष्ट लागते, ही बायकांची मोठी अडचण होती. तिच्यावर मी व्याख्यान दिले नाही. टेबलावर मीठ-मोहऱ्यांची वाटी ठेवली आणि ज्या आईला हवे तिने मूल उतरल्यावर ओवाळून टाकावे असे सांगितले. मिठाने तराजूत फरक पडत नाही, आणि दुसऱ्या आठवड्यापासून गर्दी दुप्पट झाली.

गिऱ्हाइके नाना तऱ्हांची. शेजारणीच्या मुलाने आपल्या मुलाला मागे टाकले म्हणून एका बाईने लंगोटात गोटा बांधून आणला होता. मूल उघडे करताना तो माझ्या पायावर पडला. एकदा एका बंगल्यातील बाईसाहेब गाडीतून उतरल्या आणि त्यांनी कुत्र्याचे पांढरेशुभ्र पिल्लू पारड्यात ठेवले. मी वजन करून दिले. पिल्लाची प्रकृती माझ्या बहुतेक मुलांपेक्षा चांगली होती. त्यानंतर पारडे जंतुनाशक कार्बॉलिकने धुताना रांगेतल्या बायकांनी जे उद्गार काढले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत.

आता तारा. तिची आई हौसा कार्ल्याच्या एका शेतकऱ्याची मुलगी, वडील इस्माईल तांबोळी लोणावळ्याचे. कार्ल्यातील भाताच्या गिरणीचे इंजिन दुरुस्त करायला इस्माईल जाऊ लागला. इंजिन लवकर सुधारले, तरी त्याच्या फेऱ्या चालू राहिल्या, असे हौसाने एकदा मान खाली घालून मला सांगितले होते. पुढे त्याला देहूरोडच्या लष्करी डेपोत फिटरची नोकरी लागली आणि दोघांनी पुण्याला जाऊन कचेरीत लग्न नोंदवले. सध्याच्या कायद्याप्रमाणे अशा जोडप्याला, 'आम्ही अमुक धर्माचे नाही, तमुकही धर्माचे नाही' असे लिहून द्यावे लागते. दोघांनी लिहून दिले. हौसाच्या वडिलांनी, ज्यांना सारे आबा म्हणत, मुलीचे नाव घरात घ्यायचे बंद केले. तारा जन्मली तेव्हा आजोळहून बारशाला कोणी आले नाही, आणि मावळात आजोळहून जे यायलाच हवेत ते चांदीचे वाळेही आले नाहीत.

मात्र हौसाची आई कोंडाबाई दर मंगळवारी भाजीची पाटी घेऊन बाजारात येई आणि पाटी शेजारणीवर सोपवून माझ्या खिडकीशी उभी राही. गजांतून नात बघायची, मी मोठ्याने उच्चारलेला आकडा ऐकायचा, आणि परत फिरायचे, हा तिचा क्रम. तिने आत यावे म्हणून मी दोनदा सांगितले. आबांनी उंबरा ओलांडायला मनाई केली आहे, खिडकीची केलेली नाही, असे तिचे उत्तर होते. हौसाची सासू जैनबबी सहसा घरीच असे, त्यामुळे दोघी विहिणींनी एकमेकींना पाहिलेले नव्हते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ताराची वाढ पाहून मी निर्धास्त होते. दहा पौंड दोन औंसांपर्यंत ती मजेत पोचली. मग एक आठवडा वाढ नाही, आणि नंतर उतरण. त्या अठ्ठाविसाव्या तारखेला हौसाबरोबर इस्माईल आणि जैनबबीही आले होते. इस्माईलने मला पडवीत गाठून हळू आवाजात विचारले, हवापालट केला तर उपयोग होईल का? हौसा महिनाभरात निम्मी झाली आहे, बोलत नाही, विचारले तर रडते. तिला लग्नाचा पस्तावा होत असावा. डेपोतून रजा काढून तिला कार्ल्याला पोचवावे आणि कोंडाबाईच्या पाया पडून ठेवून घ्यायला सांगावे, असा त्याचा विचार ठरला होता. हे बोलताना तो दाराच्या चौकटीकडे बघत होता. मी आत गेले तर हौसाने सगळे ऐकलेले. ती एवढेच म्हणाली, "पोरगी वाळली म्हनून मला परत धाडत्यात, बाई."

एकाच घटनेविषयी पती-पत्नींची दोन परस्परविरोधी अनुमाने माझ्यासमोर होती. निरीक्षण कोणाकडेच नव्हते. मी निरीक्षणाला लागले.

पहिली पायरी अशी की मूल पाजण्याआधी एकदा आणि पाजल्यानंतर लगेच एकदा तोलायचे. दोन वजनांतील फरक म्हणजे पोटात गेलेले दूध. ताराच्या पोटात दीड औंसही गेले नव्हते. हवे होते चार औंस. मूल निरोगी होते, हावरेपणाने ओढत होते, दूधच नव्हते. आता प्रश्न मुलाचा राहिला नाही, आईचा झाला. हौसाला विचारले, जेवतेस का? ती म्हणाली, जेवते की. जैनबबीनेही ग्वाही दिली की पहाटे रोज्याआधीच्या सहेरीच्या जेवणाला ती आमच्यात उठते, रांधते, वाढते, आणि मागून जेवते; संध्याकाळी रोजा सोडतानाही ती आधी आम्हाला वाढते आणि मागून जेवते. त्या दोन 'मागून'वर माझे लक्ष अडकले.

मी हौसाकडून तपासणीसाठी लघवीचा नमुना घेतला. शरीराला अन्न मिळेनासे झाले की ते स्वतःचीच चरबी जाळू लागते, आणि तिच्या राखेसारखा एक पदार्थ लघवीत उतरतो. नळीत दोन क्षार घालून वरून अमोनिया सावकाश सोडला, की तो असल्यास दोन थरांच्या मध्ये जांभळे वलय उमटते. प्रयोगशाळेत आम्ही हे वलय कौतुकाने पाहत असू. त्या दिवशी ते इतके गर्द उमटले की कौतुक सुचले नाही. मी इतरांना पडवीत बसवले, दार लावले, नळी हौसापुढे धरली आणि म्हणाले, "हा रंग उपाशी माणसाचा आहे. कधीपासून जेवली नाहीस?"

तिने त्या वलयाकडे पाहिले. मग एकदम मोकळी झाली.

त्या वर्षी श्रावण आणि रमजान एकाच आठवड्यात लागले होते. हौसाने दोन्ही धरले होते. रोजे नवऱ्यासाठी, सोमवार नवऱ्याच्याच आयुष्यासाठी, आणि शुक्रवार जिवतीचे म्हणून ताराच्या आयुष्यासाठी. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. सोमवारी आणि शुक्रवारी सहेरीचाही घास नाही, कारण उपास लागलेला. इतर दिवशी सहेरीला दोन घास, पण लपून, कारण घरात कोणाला कळू द्यायचे नव्हते. आदला दिवस सोमवारच होता. रात्री एका केळ्यावर तिने तो सोडला होता.

"पर कशासाठी?" मी विचारले. शुद्ध बोलण्याचे माझे भान सुटले होते.

"नळावर बाया म्हनल्या, तुमी दोगं बी धर्माचं न्हाई असं लिवून आलाय, मग ह्या पोरीकडं कंचा देव बघनार? म्या म्हनलं, त्यांनी माझ्यापायी लिवून दिलं. मग त्यांचं बी म्याच फेडायचं आन माझं बी म्याच. दोन्हीकडचं धरलं म्हंजी कुनी तरी बघंल."

माझ्या समजुतीप्रमाणे या गोष्टीचे मर्म एवढेच आहे. हौसाचे प्रेम बिनशर्त होते. नवऱ्याकडे, सासूकडे, आईबापाकडे तिने कधी काही मागितले नव्हते. पण आपल्या वाट्याला येणारे प्रेम मात्र सशर्त आहे आणि त्याची किंमत रोज चुकती करावी लागते, असे तिने गृहीत धरले होते. गृहीतकच चुकले की पुढची प्रत्येक पायरी बरोबर असूनही उत्तर चुकते. इथे चुकलेले उत्तर पारड्यात हातपाय झाडत होते, आणि मुलीच्या आयुष्यासाठी धरलेला शुक्रवार मुलीच्याच पोटातून वजा होत होता.

तिच्या परवानगीने मी दार उघडले आणि दोघांना आत बोलावून सांगितले. जैनबबीने सुनेच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच तिथेच हात फिरवीत राहिली. "अंगावर पिनारं लेकरू असलं की आमच्या बायकांना बी रोजा माफ असतोय, पोरी. आन तुला तर कुनी सांगितलाच नव्हता. चार पोरं झाली मला, येकाच्या बी दुधात म्या रोजा धरला न्हाई. इचारायचं तरी."

इस्माईल तडक बाहेर गेला. हौसाचा चेहरा उतरला. तिला वाटले, गेला. तो परतला तो हॉटेलातून पितळी पेला भरून दूध घेऊन. तिच्या पुढ्यात उकिडवा बसून त्याने पेला धरला.

"तुमी रोज्याचं," ती म्हणाली, "तुमच्या म्होरं म्या कशी पिऊ?"

"माझा रोजा माझ्या अल्लासाठी हाय. तुझ्याकडनं वसूल करायला न्हाई." पेला आणखी पुढे करीत तो म्हणाला, "कचेरीत सही केली तवा मी काय सोडलं न्हाई, हौसा. तुला घेतलं, येवढंच. तू सोमवार धर, न्हाई तर नको धरू. शंकराला जा, न्हाई तर जाऊ नको. त्यानं काय फरक पडत न्हाई. पी."

ती प्यायली. मी खिडकीकडे पाहिले, कारण दुसरीकडे कुठे पाहावे ते सुचेना, आणि खिडकीत कोंडाबाई उभी होती. तिने सर्व ऐकले होते आणि गजांना धरून ती उघड रडत होती.

जैनबबीनेही तिकडे पाहिले. चेहरेपट्टीवरून तिने क्षणात ओळखले. "आत या की, विहीनबाई. चोरावानी खिडकीतनं काय बघताय?"

"आवतान कुनी दिलतं?" कोंडाबाईने डोळे पुशीत विचारले.

"लगनाचं तरी कुनी कुनाला दिलतं?"

पडवीतल्या रांगेत हशा पिकला. उंबऱ्याची मनाई विसरून कोंडाबाई आत आली. ती पहिल्यांदा नातीकडे गेली नाही, मुलीकडे गेली. तिचे मनगट अंगठा आणि बोटाच्या कडीत धरून पाहिले, आणि कडी सैल राहिली तेव्हा विहिणीला म्हणाली की सून नांदवायची ती अशी नांदवतात का. जैनबबी म्हणाली की पाहुणी आल्या आल्या भांडते ती विहीण खरी. एवढ्यावर दोघींचे जमले.

पुढचा तोडगा त्या दोघींनीच काढला. मी केवळ मंजुरी दिली. उरलेला सोमवार, शुक्रवार आणि पुढे येणारी हरतालिका, हे हौसाच्या वाटचे उपास कोंडाबाई धरणार. मूल अंगावर असलेल्या लेकीसुनांचे उपास घरातली थोरली बाई धरते, हा रिवाज आमच्याकडे आहेच. तो फक्त लोणावळ्यापर्यंत लांबला. रोज्यांच्या बाबतीत जैनबबीने असे ठरवले की सुनेवर ते बांधील नव्हतेच, तरी तिच्या मनाला हुरहुर नको म्हणून, सोडलेल्या प्रत्येक रोज्यामागे एका उपाशी माणसाला ती जेवू घालील. पहिला उपाशी माणूस आपल्यासमोर बसला आहे, एवढेच मी सुचवले.

मी आहार लिहून दिला: बाजरीची भाकरी, अळिवाची खीर, पालेभाजी, शेंगदाणे, दिवसाला शेरभर दूध. तो कोणी पाळला नाही. रेशनचे दिवस असूनही दोन आज्यांनी त्यापेक्षा फार जास्त केले. कोंडाबाई कार्ल्याहून डिंकाचे लाडू पाठवी, तर जैनबबी दुधात खारीक शिजवून सुनेसमोर ठाण मांडून बसे आणि वाटी उपडी करून दाखवायला लावी. इस्माईल देहूरोडहून परतला की रोजा सोडायला आधी हौसाला शेजारी बसवी; 'मागून' हा शब्द त्या घरातून हद्दपार झाला होता. ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते, पण सिद्ध करता येत नाही. प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा असा नियम आहे. इथे दूध, लाडू, झोप, नवऱ्याचा शब्द आणि आईचा हात हे सारे एकाच आठवड्यात बदलले. कोणत्या घटकामुळे किती औंस वाढले हे मला सांगता येणार नाही, आणि शास्त्रीय दृष्ट्या हे प्रकरण निरुपयोगी आहे, याची थोडी खंत आजही वाटते. चार सप्टेंबरला तारा नऊ पौंड तेरा औंस भरली. नळीतले वलय दिसेनासे झाले होते.

ईदचा चंद्र त्या वर्षी लोणावळ्याच्या ढगांत दडून बसला, आणि ईद व हरतालिका एकाच रविवारी आल्या. कोंडाबाईने मुलीच्या वाटचा निर्जळी उपास केला आणि जैनबबीने तिच्यासाठी शिरखुर्म्याचे भांडे झाकून ठेवले. ते सोमवारी, गणपतीचा नैवेद्य झाल्यावर, कार्ल्याला पोचले. आबांनी ते घरात येऊ दिले, असे नंतर कळले. भांडे परत गेले तेव्हा त्यात मोदक होते.

मंगळवारी, अकरा तारखेला, माझा लोणावळ्यातला शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी निघणार होते. रांगेत तारा सर्वांत शेवटी. बरोबर आई, बाप, दोन्ही आज्या. हौसाच्या गालांवर रंग होता, आणि ती नवऱ्याला, टोपी नीट घाला, असे चारचौघांत सांगत होती. ताराचे कपडे काढले, काळ्या दोऱ्यातला ताईत जैनबबीने स्वतः सोडवला. मग मी पायांकडे पाहिले. पायांत नवेकोरे चांदीचे वाळे होते.

"काल सोनारानं दिलं," कोंडाबाई म्हणाली. "चांदी त्यांची. कमरंचा करगोटा काढून दिला. आज मला गाडीतनं घेऊन आलेत. भाईर बसलेत, उतरत न्हाईत. वजन तेवढं मोठ्यानं सांगा म्हनलेत."

पडवीच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला बैलगाडी उभी होती. फेट्यातला एक वृद्ध माणूस आमच्याकडे पाठ करून बसला होता.

जैनबबी पडवीच्या टोकाशी गेली. हातभर अंतरावरच्या कोंडाबाईला ती इतक्या मोठ्याने म्हणाली की रस्त्यावर ऐकू जावे, "व्याह्यांस्नी इचारा की, करगोटा दिला, आता धोतर कशानं बांधलंय?"

गाडीतली पाठ तशीच राहिली. मग, तोंड न वळवता, उत्तर आले. "विहीनबाईस्नी सांगा, सुतळीनं बांधलंय. आन वजन सांगा लौकर, बैल खोळंबल्यात."

हौसा हसता हसता रडू लागली. इस्माईल गाडीकडे चालत गेला आणि काही अंतरावर हात जोडून उभा राहिला. आबांनी बाजूला सरकून बसायला जागा केली.

इकडे हौसाचा हात सवयीने ताराच्या पायांकडे गेला. माझा नियम तिला पाठ होता. मी तिला म्हटले, राहू दे. तारा पारड्यात ठेवली, काटा स्थिर होईपर्यंत थांबले, खिडकीशी जाऊन आकडा मोठ्याने सांगितला, आणि परत येऊन लिहिला:

दहा पौंड पाच औंस, वाळ्यांसकट.